मोठीला राग बाळाचा आलाय की माझा? (३ वर्षं ८ महिने आणि ५ आठवडे)

चिऊची_आई

नमस्कार मंडळी, एका हाताने टाइप करतेय, दुसऱ्या हातात छोटे साहेब झोपलेत, तेव्हा चुका पोटात घाला.

५ आठवड्यांपूर्वी मला दुसरं बाळ झालं, मुलगा, सीझर. मोठी चिऊ ३ वर्षं ८ महिन्यांची. आम्ही पुण्यात. या खेपेला माहेरी जाणं जमलं नाही कारण आईचे गुडघे, मग सासूबाई कोल्हापूरहून आल्यात. डिलिव्हरीच्या आधी चिऊला आईकडे साताऱ्याला ठेवलं होतं, दवाखान्यात आणलंच नाही, सगळे म्हणाले लहान मूल कशाला तिथे, मग मी घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी बाबा तिला घेऊन आला. धावत खोलीत आली, पाळण्यात डोकावली आणि म्हणाली, "हा परत कधी जाणार?" सगळे खोखो हसले, मी पण हसले. आता नाही हसू येत.

वर्षभरापूर्वी सुटलेले डायपर परत मागते, दिवसातून दोनतीनदा चड्डीत शू होते. बाटलीनेच दूध पाहिजे. एवढी खणखणीत बोलणारी मुलगी मुद्दाम बोबडं बोलते. आणि मी बाळाला पाजायला घेतलं की नेमकी तेव्हाच तिला तहान लागते, शी लागते, बाहुलीचा पाय निघतो. परवा तिने बाळाच्या मांडीला असा चिमटा काढला की लाल वळ उठला. मी जोरात ओरडले आणि हात उगारला, मारलं नाही पण उगारला. ती रडली नाही हो. खोलीच्या उंबऱ्याबाहेर जाऊन माझ्याकडे पाठ करून बसली. अर्धा तास तशीच.

सासूबाई वाईट नाहीत, मालिश, शेक, धुरी, अळिवाची खीर, सगळं अगदी मनापासून करतात. पण "बाळंतिणीच्या खोलीत सारखं यायचं नाही", "आता तू ताई झालीस ना, ताई अशी रडते का" हे दिवसभर चालू. शेजारच्या काकू गमतीत म्हणतात, "आता तुला कोण विचारणार गं?" नवरा सकाळी ९ ला जातो तो रात्री ८ ला येतो. जूनमध्ये तिचा छोटा शिशू सुरू होणार.

"होईल हळूहळू" असं नका सांगू, ते मला रोज दहा जण सांगतात. तुम्ही नेमकं काय केलंत ते सांगा प्लीज.

रानजाई

ती उंबऱ्याबाहेर बसली ना, मला तर सगळं तिथेच दिसलं. साडेतीन वर्षं जी पोरगी तुमच्या कुशीत झोपली तिला एकदम सांगितलं की ही बाळंतिणीची खोली आहे, इथे सारखं यायचं नाही. तिच्या दृष्टीने भाऊ आला नाही, आई गेली. आणि आई आहे तर समोरच, दाराच्या आत, दुसऱ्याला घेऊन.

आमच्याकडे चिपळूणला पण हेच होतं, सव्वा महिना दार लोटलेलं, आत ओव्याची धुरी आणि बाहेर माझा मोठा (तेव्हा ३ वर्षांचा) दाराच्या फटीतून बोटं आत घालून. शेवटी मी आईशी भांडून पलंग सोडला आणि जमिनीवर गाद्या टाकल्या, एका बाजूला भिंतीकडे छोटी, दुसऱ्या बाजूला मोठा, मधे मी. अर्थात माझं नॉर्मल होतं, तुम्हाला टाके असताना खाली बसणं उठणं जमणार नाही, तर पलंगालाच लावून तिची गादी टाका.

दुसरं, टाक्यांमुळे तुम्ही तिला उचलत नसाल. ते तिला सांगितलंय का? तिला एवढंच कळतं की आई त्याला उचलते आणि मला नाही. "माझ्या पोटाला बाऊ झालाय म्हणून मी तुला उचलू शकत नाही, पण तू चढून ये" असं म्हणा आणि पलंगाशी एक पाट किंवा स्टूल ठेवा. उशी पोटावर घ्या मात्र.

पाजायच्या वेळेसाठी मी श्रीखंडाचा रिकामा डबा केला होता. त्यात काय, तर जुन्या लग्नपत्रिकांवरचे गणपती कापून ठेवलेले, बांगड्या, एक बंद पडलेला रिमोट, टिकल्यांची पाकिटं. तो डबा फक्त बाळ दूध पीत असतानाच उघडायचा, बाळाचं झालं की झाकण लावून कपाटावर. दोन आठवड्यांत काय व्हावं, मोठाच येऊन सांगायला लागला, "आई, तिला भूक लागली वाटतं." का तर डबा उघडेल.

बाबा_डोंबिवली

माझा मुद्दा थोडा उलटा आहे. सगळे सांगतील की नवऱ्याने मोठीला बागेत न्यावं, फिरवावं, म्हणजे आईला बाळाकडे बघता येईल. मी पण तेच केलं, रोज संध्याकाळी मोठ्याला घेऊन गणेश मंदिर, मग प्लॅटफॉर्मवर गाड्या बघायच्या, भेळ, सगळी ऐश. आणि घरी आलो की त्याचा गोंधळ दुप्पट. बायको शेवटी म्हणाली, अरे तू रोज त्याला माझ्यापासून लांब नेतोयस, त्याला भेळ नकोय.

मग उलट केलं. बाळाचं पोट भरलं की बाळ माझ्याकडे, खांद्यावर टाकून ढेकर काढायची, लंगोट बदलायचे, गॅलरीत फेऱ्या मारायच्या. आणि तो पाऊण तास आई मोठ्याची. दार लावून. काय करायचे तर काही नाही, लोळायचे. तो तिच्या हातातल्या बांगड्या मोजायचा. पण फोन बाहेर ठेवायचा आणि बाळ रडलं तरी (भुकेचं नसेल तर) आईने उठायचं नाही, हे मोठ्याने एकदा तरी बघायला पाहिजे की बाळ रडतंय आणि आई म्हणतेय "थांब रे जरा, माझं दादाशी बोलणं चाललंय." आमच्याकडे हे पहिल्यांदा झालं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

मी केंद्र सरकारी नोकरीत, आम्हाला १५ दिवस पितृत्व रजा मिळते आणि बाळ झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत कधीही घेता येते. पहिल्या मुलाच्या वेळी डिलिव्हरीलाच घेतली आणि पाहुण्यांना चहा देण्यात गेली. दुसऱ्याच्या वेळी मुद्दाम राखून ठेवली, सासूबाई गावी परत गेल्या त्या दिवसापासून घेतली. तुमच्या मिस्टरांच्या ऑफिसात काय नियम आहेत ते बघा, साधी रजा असली तरी आता नाही तर सासूबाई कोल्हापूरला जातील त्या आठवड्यासाठी ठेवा.

संत्राबर्फी

एक सांगून ठेवते बाई, ते "बाळाने तुझ्यासाठी गिफ्ट आणलं" वालं कोणी सुचवलं तर करू नका. मी केलं होतं. माझ्यावालीने सायकल पाहिली, मग बाळाची मूठ उघडून पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि म्हणते, "इतकुशा हातात सायकल कशी काय आणली यानं? तू खोटं काहून बोलून राहिली?" ४ वर्षांची. त्यानंतर मी काहीही सांगितलं की "खरं का?" असं विचारायची. सायकल आजही आहे, बाळ चालवते आता.

जुने_खोड

आम्ही सात भावंडं. आईला कुठे वेळ होता कोणाची समजूत घालायला. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं असायचंच. कोणाला काही झालं नाही. हल्ली एक-दोन मुलं आणि त्यांची इतकी चर्चा. आजीला करू द्या, पोर आपोआप रुळतं.

पहिली_लेक

@जुने_खोड काका, तुमच्या त्या मोठ्या बहिणीला विचारलंय का कधी?

मी ती मोठी. माझ्या पाठीवर भाऊ झाला तेव्हा मी ४ वर्षांची, आई नोकरी करायची, दोन पोरं झेपणार नाहीत म्हणून मला आजोळी ठेवलं जळगावला. एक वर्ष म्हणून ठेवलं ते दोन वर्षं राहिले. आजी-आजोबांनी जीव लावला, केळीच्या बागेत खेळले, सगळं छान. पण दर सुट्टीत आई भाऊला घेऊन यायची आणि परत जाताना त्याला घेऊन जायची. त्याला. मी एसटी स्टँडवर आजोबांचं बोट धरून उभी. आज मी ४१ वर्षांची आहे, भाऊ माझा अतिशय लाडका आहे, आणि अजूनही एसटीच्या मागच्या काचेतून कोणी हात हलवला की माझ्या पोटात खड्डा पडतो. "कोणाला काही झालं नाही" हे म्हणू नये एवढंच.

चिऊची_आई, तुम्ही तिला साताऱ्याला ठेवलंत ते थोडेच दिवस होते, अपराधी वाटून घेऊ नका. पण आता कोणी "राहू दे की महिनाभर आमच्याकडे, तुला आराम मिळेल" म्हणालं तर नको म्हणा. आणि साताऱ्याचे ते दिवस तिच्याशी बोला एकदा, "तू आजीकडे होतीस तेव्हा मला तुझी आठवण येत होती, मी तुझी फ्रॉक उशाशी ठेवली होती" (ठेवली नसेल तर नका सांगू, वर बर्फीताईंनी लिहिलंय तसं पकडतात मुलं).

जुने_खोड

बहिणीला फोन केला आत्ता. बरंच बोलली. असो. माझे शब्द मागे घेतो.

बालवाडीच्या_बाई

२२ वर्षं बालवाडीत आहे, दरवर्षी वर्गात चारपाच जणांकडे बाळ येतं. आम्हाला आईने सांगायच्या आधी कळतं, पोरगं डबा खायचं थांबतं किंवा दुसऱ्याच्या पाठीत गुद्दा घालतं.

"ताई" हा शब्द तूर्तास घरात बंद करा. ते बक्षीस नाहीये, नोकरी लावल्यासारखं आहे, आणि पगार काय तर "ताई अशी रडते का". तिला चिऊच म्हणा. ती स्वतःहून म्हणेल "मी ताई आहे" तेव्हा म्हणायला सुरू करा.

बोबडं बोलणं, बाटली, याला विरोध करू नका हो, द्या बाटली. दोन दिवस पिते आणि मग कंटाळते, बाटलीतून दूध येतंच किती हळू. पाहिजे तर खेळ करा, "चल तू माझं बाळ हो", दुपट्यात गुंडाळा, मांडीवर आडवं घ्या, तीट लावा. माझ्या वर्गातली एक मुलगी रोज घरी असं "बाळ बाळ" खेळायची, तिच्या आईने मला सांगितलं, आठव्या-नवव्या दिवशी तीच म्हणाली की आता पुरे, बाळाला वरण-भात मिळत नाही.

राग आहे तो तोंडातून बाहेर पडू द्या. "मला बाळ आवडत नाही" म्हणाली तर "असं नाही म्हणायचं, तुझा भाऊ आहे ना" हे उत्तर सगळ्यात वाईट. मग ती म्हणायचं थांबते आणि चिमटा काढते. "हो का, काय आवडत नाही त्याचं?" विचारा. ऐकण्यासारखी उत्तरं येतात. एकाने मला सांगितलं होतं, "बाई, त्याला वास येतो आणि सगळे म्हणतात छान वास येतो."

शाळेचं, जून लांब नाही. शाळेचं दफ्तर, डबा, बाटली आतापासून आणा आणि "बाळामुळे शाळेत पाठवतात" असं तिला वाटू देऊ नका, म्हणजे "तू शाळेत गेलीस की मी बाळाचं आवरेन" असलं वाक्य चुकूनसुद्धा नको. पहिले काही दिवस शक्य असेल तर न्यायला तुम्ही स्वतः जा, बाळाला घरी ठेवून. सोडायला कोणीही गेलं तरी चालतं. न्यायला कोण येतं ते मुलं बघतात.

आणि त्या शेजारच्या काकूंना तोंडावर सांगा. चिऊ समोर असताना सांगा. "काकू, तिला विचारणारी मी आहे." बास.

रात्रपाळी

बाईंचं सगळं पटलं. मी प्रसूती वॉर्डात नर्स आहे, चार गोष्टी माझ्या बाजूच्या.

दोघांना एका खोलीत एकटं सोडू नका, एक मिनिटसुद्धा, कुकरची शिट्टी झाली तरी एकाला बरोबर घेऊन जा. राग म्हणूनच नाही, प्रेमानेसुद्धा होतं. मोठं भावंड आपल्या हातातला शेंगदाणा, मुरमुरा, पेढ्याचा तुकडा बाळाच्या तोंडात घालतं, खाऊ वाटून खा असं आपणच शिकवलेलं असतं ना. तिला सांगताना "हात लावू नको" नका सांगू, "त्याला दात नाहीत, तो फक्त आईचं दूध पितो, सहा महिन्यांचा होईपर्यंत" असं सांगा आणि तोंड उघडून दाखवा, हिरड्या बघायला मुलांना आवडतात. आणि घुटी, मध वगैरे आज्यांचं सुरू असेल तर मध एक वर्षापर्यंत अजिबात नाही, चाटण म्हणूनही नाही. हे अवांतर आहे पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

हात कुठे लावायचा ते ठरवून द्या, पाय आणि तळवे तिचे. डोकं नाही, टाळू अजून मऊ असते. तिचं बोट बाळाच्या तळहातावर ठेवायला लावा, बाळ घट्ट धरतं. ते जन्मजात असतं, सगळीच बाळं धरतात, पण ते तिला सांगायची गरज नाही :)

मोठ्या मुलांची अजून एक निराशा असते. आपण नऊ महिने सांगतो तुझ्याशी खेळायला बाळ येणार, आणि येतं ते झोपणारं आणि रडणारं गाठोडं. ओळखीचं हसणं साधारण ६ ते ८ आठवड्यांत येतं, म्हणजे तुमच्याकडे आता आलंच. बाळाला वीतभर, फार तर हातभर अंतरावरचंच नीट दिसतं, तिला जवळ बसवून तिचा चेहरा त्याच्या समोर आणा. पहिलं हसू तिला मिळालं तर निम्मं काम झालं.

शू होणं, त्यासाठी रागावू नका, चारचौघात बोलू नका, चड्ड्या जास्तीच्या हाताशी ठेवा. ५ वर्षांच्या आतलं रात्रीचं ओलं होणं तर आम्ही आजार धरतच नाही. पण शू करताना दुखतंय म्हणाली, ताप आला, सारखं सारखं पाणी प्यायला लागली, तर बाळामुळेच असेल असं धरून बसू नका, डॉक्टरांना दाखवा. खाणं झोप अगदीच उडाली तरीही.

आणि शाळा सुरू झाली की सर्दी-खोकला घरी येणार, तिचे लसींचे बूस्टर वेळेवर झालेत ना ते कार्ड काढून बघा, डांग्या खोकला मोठ्या मुलाला नुसता खोकला असतो पण दोनतीन महिन्यांच्या बाळाला फार जड जातो. शाळेतून आली की आधी हातपाय धुणं, मग बाळ.

चिऊची_आई

सगळ्यांचे किती आभार मानू. पहिली_लेक, तुमचं वाचून रडले, बाळाला वाटलं असेल आईला काय झालं. मी फ्रॉक नव्हती ठेवली उशाशी. पण तिचा एक क्लिप पर्समध्ये होता दवाखान्यात, तो दाखवला तिला. काही बोलली नाही, क्लिप घेऊन गेली.

सासूबाईंशी बोलायचं टेन्शन होतं, त्यांना वाटेल मी त्यांच्या चुका काढते. कसं बोलायचं?

रानजाई

चूक काढूच नका, काम द्या. माझी आई रोज तिन्हीसांजेला बाळाची दृष्ट काढायची, मीठ-मोहऱ्या ओवाळून. मोठा बघत उभा असायचा. मी एवढंच म्हटलं, "आई, याची पण काढ गं, हा पण कोमेजलाय." झालं. तिलाही त्याच्याकडे नीट बघायला कारण मिळालं, आणि दृष्ट काढताना माणूस "ताई अशी रडते का" म्हणत नाही, "आल्यागेल्याची, पापी माणसाची, माझ्या सोन्याला कोणाची नजर लागली" असंच म्हणतो.

चिऊची_आई

तीन आठवड्यांनी अपडेट देतेय. बाळ ८ आठवड्यांचं झालं.

दृष्टीचं जादूसारखं झालं. सासूबाई आता चिऊची आधी काढतात आणि वर तिला सांगतात, "बघ किती तडतडल्या, तुझ्यावर किती जणांचा डोळा होता." चिऊ खूश, येईल त्याला सांगते माझी जास्त तडतडली. गादी खोलीत आली. डबा केला, श्रीखंडाचा नाही, आम्रखंडाचा. बाबाने बाळ घ्यायला सुरुवात केली, ढेकर काढताना शर्टावर दूध येतं ते त्याला अजून सवयीचं नाही झालेलं.

बारसं सव्वा महिन्यानंतर ठेवलं होतं, गेल्या रविवारी झालं. ठरलं असं की आत्या कानात नाव सांगणार आणि "कुर्र" चिऊ करणार. आदल्या दिवसापासून तयारी. प्रत्यक्षात आत्या वाकायच्या आधीच चिऊने पाळण्यात डोकं घातलं, बाळाच्या कानाला तोंड लावलं आणि सगळ्यांना ऐकू येईल इतक्या जोरात म्हणाली, "कुर्र! माझं नाव चिऊ!" त्याचं नाव नाही, स्वतःचं. बायका त्याच नावावर आत्याच्या पाठीत बुक्के घालायला लागल्या, एकच गोंधळ.

पहिलं हसू मात्र तिला नाही मिळालं, शेजारच्या काकूंना मिळालं. काय करणार.

चिमटा त्यानंतर एकदाच. शू अजून होतेय, बारशाच्या संध्याकाळीसुद्धा झाली, नव्या परकर-पोलक्यावर. काही बोलले नाही, बदललं.

बरं, आता नवीन प्रश्न, छोट्याची कुंची तिला डोक्याला घालायची असते, बसत नाही म्हणून रडते. तिच्या मापाची कुंची शिवून देणारं कोणी पुण्यात माहीत आहे का?

संत्राबर्फी

मी शिवते न बाई. डोक्याचं माप पाठव.